जीजींचा पंप आणि माझा संशय

संपादकबाईंनी या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. आपल्या अंकात नोकरीबद्दल लिहितात ते निवृत्त झालेले काका-मामा. माझी नोकरी तीन वर्षांची, तीसुद्धा अर्ध्या दिवसाची, कारण सकाळी कॉलेज असतं. शिवाय माझं शिकणं सगळं हिंदीतून झालं. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण मराठीत सलग चार पानं मी आजवर लिहिलेली नाहीत. वडील शिंपीकाम करतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून सगळ्यांना वाटतं हिला सगळं येतं. तसं नाही, हे सांगायलाच बहुधा मी शेवटी हो म्हटलं.

देवासला छातीच्या आजारांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्यात मी दोन कामं करते. पहिलं, फुंकायची तपासणी. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग तो एका दमात बाहेर फेकायला लावायचा. फेकून झाल्यावरही थांबायचं नाही, आत काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत फुंकत राहायचं. माणूस लवकर थांबतो, म्हणून मला ओरडावं लागतं, "फूंको, फूंको, और, और, और." खाली फोटोकॉपीचं दुकान आहे. तिथले दुकानदार भिया मला "फूंको दीदी" म्हणतात.

डहीहून एक ट्रकवाले आले होते. नळी बघून दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "पहले ये बताओ, मशीन थाने से तो नहीं जुड़ी?" मी सांगितलं की ही दारूची नाही, फुफ्फुसांची आहे. त्यांनी वायर कुठे जाते ते टेबलाखाली वाकून पाहिलं, तेव्हा कुठे फुंकले.

दुसरं काम, पंप शिकवायचं. पंप म्हणजे तोंडातून ओढायच्या औषधाचा छोटा डबा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना फुफ्फुसांचा जुनाट आजार असतो. बिडीचा, चुलीचा, कारखान्याचा धूर वर्षानुवर्षं आत गेलेला असतो. नळ्या आतून सुजून अरुंद होतात, हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. हा आजार मुळापासून जात नाही. जो जातो म्हणून सांगेल, त्याच्यापासून दूर राहावं असं डॉक्टर सांगतात. पण बरंच काही करता येतं. धूर तोडायचा. लस घ्यायची. रोज थोडं चालायचं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायची सवय लावायची. दम फारच वाढला तर वाफेसारखं औषध देणारं यंत्र आहे, थोड्या दिवसांच्या गोळ्या आहेत. आणि रक्तातला ऑक्सिजन कायमच कमी राहू लागला, तर घरी ऑक्सिजनचं मशीन. पण या सगळ्याचा पाया पंप, आणि लोकांचा सगळ्यात जास्त संशय पंपावरच. "एक बार लगा तो छूटता नहीं." "ये तो आखिरी वालों को देते हैं." हे मी रोज ऐकते.

सतवासच्या मंडीतले एक हम्माल महिनाभर औषध घेऊनही तसेच धापा टाकत आले. त्यांना आम्ही डब्याऐवजी कॅप्सूल दिल्या होत्या. ती कॅप्सूल एका छोट्या उपकरणात फोडून आतली पूड ओढायची असते. ते ती पाण्याबरोबर गिळत होते. मी कपाळावर हात मारला तर शांतपणे म्हणाले, "बेटा, कैप्सूल है तो आदमी निगलेगा ही." त्यांचं काही चूक नव्हतं. पण त्या दिवसापासून मी पेशंटच्या 'हो'वर विश्वास ठेवणं सोडलं. घेता का? हो. वेळेवर? हो. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, खोटं. डॉक्टर म्हणाले, अशी शंका कामात चांगली असते. मला त्याचा थोडा अभिमानच वाटायला लागला होता.

आता जीजींचं सांगते.

महिन्यातून दोन गुरुवारी डॉक्टर धारला बसतात आणि कॉलेज बुडवून मी त्यांच्याबरोबर जाते. जीजी तिथल्या पेशंट. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी, बोलणं अगदी जुनं. सासऱ्याला 'मामंजी' आणि नणंदेला 'वन्सं' म्हणणाऱ्या बायका आता किती उरल्यात? त्यांच्या घराकडे एका लहान दत्तमंदिराची पूजा आहे आणि रोजचा नैवेद्य त्याच करतात. चाळीस वर्षं तो चुलीवर झाला. सोवळ्याच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही उंच. घरात कुणी बिडीला हात लावलेला नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हा तर बिड्या ओढणाऱ्यांचा. मला कसा दिलात?"

पंप मीच शिकवला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं, मान डोलावली. बाहेर सतरा माणसं थांबलेली होती. मी विचारलं, "जमेल ना, जीजी?" त्या म्हणाल्या, "न जमायला काय झालं?"

आठ महिन्यांत त्या सुधारल्या नाहीत, उलट घसरल्या. डॉक्टरांनी औषध वाढवून पाहिलं, काही झालं नाही. एका गुरुवारी बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन इतका कमी दिसला की डॉक्टरांनी तो तीनदा मोजला. मग त्यांनी घरी मशीन बसवायचं बोलणं काढलं आणि नियम सांगितले. मशीन जवळजवळ दिवसभर लावायचं, आणि ते चालू असताना जवळ जाळ चालणार नाही. ना गॅस, ना काडेपेटी, ना दिवा.

"निरांजन?" जीजींनी विचारलं.

"दिया भी नहीं, माँजी."

"आणि नैवेद्य कोण करणार?"

सूनबाई शेजारी उभ्या होत्या. पन्नाशीच्या आतल्या, शाळेत शिकवतात. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या म्हणाल्या, "आई, मी करीन ना."

जीजींनी त्यांच्याकडे न बघता डॉक्टरांना सांगितलं, "मग मशीन नको. चार दिवस कमी जगेन. निरांजन लावता येत नसेल तर नुसतं बसून ओढत राहायचं कशाला?"

डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले. धारच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजायचं आणि ठरवायचं. त्या गेल्यावर मला म्हणाले, "इतनी दवा में इतना खराब नहीं होना चाहिए। कहीं गड़बड़ है। तुम घर जाकर देखो।" तेवढ्यात मशीनवाल्याचा फोन मला आला, "दीदी, धार वाली माताजी के यहाँ कब लगाना है?" अजून काही ठरलंच नव्हतं, याला कुणी सांगितलं? त्याच्यावरही मला संशय आला. त्या दिवसांत मला सगळ्यांवरच येत होता.

त्याच दुपारी मी वहिनींबरोबर घरी गेले. रस्ताभर मी यादी करत होते. चूल बंद केली म्हणतात, खरंच केली का? दुसरं कुणाचं औषध चालू आहे का? आणि पंप देतं कोण?

अंगणात पाय ठेवताच धुराचा वास आला. भिंतीशी कंडे, म्हणजे गोवऱ्या, रचलेले होते. मी थांबले. "हे काय, वहिनी?"

"मागे भाडेकरू आहेत, त्यांचे. रविवारी बाफले करतात ते लोक."

"आज गुरुवार आहे."

"त्यांच्याकडे पाहुणे आलेत." वहिनींनी मागचं दार उघडून दाखवलं. खरंच, तिथे एक बाई कंड्यांच्या राखेत बाफले, कणकेचे गोळे, उलटत होत्या. मी त्यांना सांगायला हवं होतं की धूर जीजींच्या खोलीकडे येतोय. तेही मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त चूल शोधत होते. चूल होती, पण तिच्यावर पाट ठेवून त्यावर डबे मांडलेले, आणि बाजूला गॅस.

देवघराच्या फळीवर कागदाच्या पुड्या सापडल्या. आमच्या भागातल्या हाटात दम्याची पांढरी पूड विकतात. तिच्यात काय असतं ते विकणाऱ्यालाच माहीत. दोन दिवस बरं वाटतं, मग शरीराची नासाडी. मी पुडी उचलली तर वहिनी म्हणाल्या, "हुंगून बघा, ताई."

ज्येष्ठमध होतं.

मी ती परत ठेवली आणि पंप मागितला. डब्यावर आकडा असतो, दर दाबाला एकानं उतरतो. मी तारखेवरून हिशोब केला. बरोबर होता. एकही वेळ चुकलेली नव्हती. एवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं, पण झालं नाही. माझ्या डोक्यात दवाखान्यातलं बोलणं घोळत होतं. वहिनी लगेच म्हणाल्या होत्या, 'मी करीन ना.' सासूच्या हातातलं काम आपल्याकडे यावं असं कुणाला वाटत असेल तर? हे लिहितानाही मला लाज वाटते. पण तेव्हा मी बोलले.

मी म्हटलं, "वहिनी, आकडा उतरायला औषध छातीत जावंच लागतं असं नाही. हवेत दाबलं तरी उतरतो."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. त्या म्हणाल्या, "मी सकाळी शाळेत जायच्या आधी डबा हातात देते. समोर उभी राहते. संध्याकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारते. आणखी काय करू, ताई? तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

जीजी झोपाळ्यावर बसून हे ऐकत होत्या. दम लागल्यामुळे त्यांना मध्ये बोलता आलं नव्हतं. आता त्यांनी हात वर केला. "तिला काय विचारतेस? मी घेते, तर मला विचार. थांब, दाखवतेच तुला."

त्या उठल्या. हात धुतले. डबा हलवला, झाकण काढलं. मग मान मागे टाकली, तोंड उघडलं, तांब्यातून वरून पाणी पिताना धरतात तसा डबा ओठांपासून चार बोटं वर धरला आणि दाबला. पांढरा फवारा निघाला. थोडा जिभेवर बसला, बाकीचा खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगताना मला दिसला. जीजींनी तोंड मिटून आवंढा गिळला. पुन्हा एकदा तसंच केलं. झाकण लावून म्हणाल्या, "बोल आता. काय चुकलं?"

पंप ओठांत घट्ट धरायचा असतो. दाबताना श्वास आत ओढायचा आणि दहा आकडे रोखून धरायचा. नाहीतर औषध फुफ्फुसापर्यंत पोचतच नाही. आठ महिने ते जिभेवर आणि उन्हात जात होतं.

मी विचारलं, "जीजी, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? तूच तर दाखवलंस."

मी म्हणणार होते, छे. पण मला आठवलं. शिकवायला आमच्याकडे एक रिकामा पंप असतो, सगळ्यांसाठी एकच. कोरोनापासून आमच्याकडे तो कुणी तोंडाला लावत नाही. मी तोंडासमोर, थोडा वर धरते आणि सांगते, असा दाबायचा. 'ओठांत धरा' हे तोंडानं सांगते. सांगते म्हणजे, रोज सांगते असं मला वाटतं. त्या दिवशी सांगितलं होतं की नाही, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. आणि नंतर 'करून दाखवा' असं मी म्हटलंच नव्हतं. 'जमेल ना' एवढंच विचारलं होतं.

जीजी म्हणाल्या, "दवाखान्यात सगळी उष्टीखरकटी, म्हटलं ही पोरगी बघा, तोंडाला न लावता दाखवते. मी घरी येऊन हिला सांगितलं, मुलगी चांगल्या वळणाची आहे." वहिनींनी मान हलवली. सांगितलं होतं.

मी ओट्यावर जाऊन डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सिखाया किसने था?"

"मैंने, सर."

"मशीन रोक दो। पहले दवा अंदर जाने दो, फिर नापेंगे।" आणि ठेवण्याआधी म्हणाले, "और किस-किस को ऐसे सिखाया है?"

मी म्हटलं, "रजिस्टर देखकर बताती हूँ, सर."

आत आले तर दुसराच प्रश्न उभा होता. मी जीजींना ओठांत धरायला सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "एकदा धरीन. पण संध्याकाळी पुन्हा तेच उष्टं तोंडात? आणि त्याच तोंडानं नैवेद्याच्या खोलीत जायचं?" आमच्या घरात सोवळं नाही. पाणी वरून पिण्यापलीकडे मला त्यातलं काही माहीत नाही. धुवून घ्या म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "उष्टं धुतल्यानं जातं होय?"

वहिनी म्हणाल्या, "आई, कवळी रोज काढता नि रोज घालता. ती कुठे सोवळ्यात असते?"

जीजी हसायला लागल्या. हसू खोकल्यात गेलं आणि वहिनींनी त्यांची पाठ धरली. खोकला थांबल्यावर जीजी म्हणाल्या, "ही शाळेत मुलांना असंच घोळात घेते." मग मला विचारलं, "पण नंतर चूळ भरली तर चालेल?"

"भरायलाच हवी," मी म्हटलं. हे खरंच आहे. या औषधानंतर चूळ भरली नाही तर तोंड येतं. जीजींनी वहिनींकडे पाहिलं, की बघ, मी म्हणत नव्हते? पंपाची जागा ठरली, कवळीच्या वाटीशेजारी. पहिला नीट श्वास त्यांनी माझ्यासमोर तीनदा चुकून चौथ्यांदा घेतला.

निघताना मी वहिनींना म्हटलं, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "चहा घेऊन जा." मी चहा घेतला. तो फार चांगला होता, आणि त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

नंतरचे दहा दिवस मी देवासला रजिस्टर घेऊन बसले. तीन वर्षांत ज्यांना मी पंप शिकवला त्या सगळ्यांना फोन केले. फोनवर विचारायचं नाही, बोलवायचं आणि करून दाखवायला सांगायचं. धरमपुरीचे एक नाववाले चिडून म्हणाले, "मैडम, साल भर से ले रहा हूँ, अब परीक्षा लोगी?" त्यांचं बरोबर निघालं. सगळ्यांचं निघालं नाही. चुकीचे किती निघाले ते इथे लिहीत नाही. एकही निघाला नसता तर नक्की लिहिलं असतं.

ठरलेल्या गुरुवारी जीजी आल्या. ऑक्सिजन थोडा वर होता. डॉक्टरांनी आणखी महिनाभर थांबायचं ठरवलं. महिन्यानं तो इतका वर होता की मशीनचं बोलणं त्यांनी सध्यापुरतं बंद केलं. पुढे लागू शकतं, हेही स्पष्ट सांगितलं. जीजींनी 'सध्या' एवढंच ऐकलं. नैवेद्य आता गॅसवर, खिडकीखाली पाटावर बसून त्या करतात. जड पातेलं वहिनी उचलतात, त्यासाठी वहिनींनी सकाळी सोवळं नेसायला सुरुवात केली आहे. बाफलेवाल्या बाईंनी कंडे गल्लीत नेले. फुंकायच्या तपासणीचा आकडा मात्र आठ महिन्यांपूर्वीच्या आकड्याला पोचला नाही. जे फुफ्फुस मधल्या काळात गेलं ते गेलं. मी तो आकडा जीजींना सांगितला. त्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, "निरांजनाला फुंकर लागतच नाही गो. निरांजन फुंकरीनं विझवत नाहीत."

त्या दिवशी डॉक्टरांनी पंप बदलून दिला. मी नवा डबा घेऊन शिकवायला बसले. आता माझा स्वतःचा वेगळा रिकामा पंप आहे, तो मी तोंडाला लावूनच दाखवते. पण सवयीनं मी आधी तोंडानं सांगायला सुरुवात केली, की जीजी, असा हलवायचा, असा धरायचा.

वहिनींनी मला थांबवलं. "ताई, बोलू नका. करून दाखवा."

त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. अंगणात मी त्यांच्याकडे जसं पाहिलं होतं, तसंच आता त्या माझ्या हाताकडे आणि ओठांकडे पाहत होत्या. मी डबा हलवला, पूर्ण श्वास सोडला, पंप ओठांत घट्ट धरला, दाबत आत ओढलं आणि श्वास रोखला. वहिनी बोटांवर आकडे मोजत होत्या. बाहेर पुढच्या पेशंटनं दार वाजवलं आणि मी श्वास सोडला.

"आठच झाले," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा."